दिवाळीत आलेले मिठाईचे डबे उरलेत, कामवालीला देऊ का?

प्रश्न थोडक्यात असा: भाऊबीज होऊन पाच दिवस झाले, घरात मिठाईचे अकरा डबे आणि मुलांच्या चॉकलेटच्या तीन पेट्या पडून आहेत. नवऱ्याला शुगर आहे, मुलांना मिठाई आवडत नाही. सासूबाई म्हणतात, टाकू नको, कामवालीला देऊन टाक. काय करावं?

मी इथे एरवी फक्त वाचते. आज लिहायला बसले ते त्या "देऊन टाक"मुळे. द्यायचं असेल तर द्या, टाकायचं असेल तर टाका. आमच्या घरात हे दोन शब्द खाण्याच्या वस्तूबद्दल एकत्र बोलायचे नाहीत, हा नियम मीच केलाय.

सरळ उत्तर आधी देते. आज, पाचव्या दिवशी, ती मिठाई कामवालीला देऊ नका. द्यायची तर डबा आला त्या दिवशी द्यायची होती.

माझी आई ठाण्याला नौपाड्यात पाच घरची धुणीभांडी करायची. १९९३ची दिवाळी सांगते. मी नऊ वर्षांची, चौथीत. भाऊ पाच वर्षांचा. आम्ही किसननगरात राहायचो. बाबांची वागळे इस्टेटमधली कंपनी त्याच पावसाळ्यात बंद पडली होती, त्यामुळे घर आईच्या पाच घरांवर चाललेलं. पहाटे पाणी भरून ती तीन हात नाक्यावरून चालत नौपाड्यात जायची आणि दुपारी दीडला परत यायची. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस काम दुप्पट. माळ्यावरचे डबे काढून घासायचे, पितळेची भांडी चिंचेने लख्ख करायची, जाळ्या धुवायच्या, पडदे भिजवायचे. तिच्या बोटांच्या पेरांना त्या दिवसांत चिरा पडायच्या, रात्री ती त्यात खोबरेल चोळायची. दिवाळीची पोस्त म्हणून कोणी वीस रुपये द्यायचं, कोणी ब्लाउजपीस.

आणि मिठाई. पण मिठाई दिवाळीत मिळायची नाही, दिवाळी संपल्यावर मिळायची. भाऊबीजेनंतर चार-पाच दिवसांनी घरोघरी फ्रिज आवरले जायचे आणि मग एकाच आठवड्यात चार-चार घरांतून डबे यायचे. आम्ही दोघं दाराच्या उंबऱ्यावर बसून आईची वाट बघायचो. चाळीतल्या बाकीच्या पोरांची दिवाळी संपलेली असायची, आमची तेव्हा सुरू व्हायची. आम्हाला त्यात काही कमी वाटत नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे.

त्या वर्षी गुलाबी पुठ्ठ्याचा एक डबा आला, रबर लावलेला. आईचा नियम होता की तिने वास घेतल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. ती हातपाय धुवायला मोरीत गेली आणि भावाला दम निघाला नाही. वरच्या थरात मलई बर्फीच्या वड्या होत्या, पांढऱ्याशुभ्र, वर्ख लावलेल्या. मधे बटरपेपर आणि त्याखाली पेढे. आईने येऊन तो कागद उचलला तर पेढ्यांच्या बुडाला हिरवट लव आलेली. तोवर भावाने वरच्या दोन वड्या संपवल्या होत्या. वड्यांना ना वास होता ना बुरशी. मीसुद्धा एक उचलली होती, ती आईने हातावर चापट मारून पाडली.

चार तासांत त्याला उलट्या सुरू झाल्या. रात्री अकराला बाबांनी त्याला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं, सलाईन लावावं लागलं. तो वाचला, आज तीन मुलांचा बाप आहे, त्याची काळजी नको. पण आईचे दोन दिवस खाडे झाले आणि त्यातल्या दोन घरांनी खाड्याचे पैसे कापले. त्यातलं एक घर त्या डब्याचंच होतं.

तिसऱ्या दिवशी ती कामावर गेली. शाळेला सुट्टी होती म्हणून मीही बरोबर गेले, भांड्यांवर पाणी ओतायला. ज्यांनी तो डबा दिला होता त्या बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "काय गं, खाल्ली का मुलांनी मिठाई? आवडली ना?" आई राखेचा हात न थांबवता म्हणाली, "हो वहिनी. छान होती."

मी आईकडे बघत राहिले. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

परत येताना मी विचारलं, खोटं का बोललीस. ती म्हणाली, "नको म्हटलं की यांना माज आला म्हणतात. पुढच्या वर्षी पोस्तही जाते. घ्यायचं, घरी नेऊन बघायचं, चांगलं निघालं तर खायचं, नाही तर कुंडीत टाकायचं." म्हणजे चार घरचा कचरा उचलून दोन-तीन किलोमीटर चालत आणायचा आणि आपल्या वस्तीतल्या कुंडीत टाकायचा. पाच कामांत हे सहावं, बिनपगारी.

पाचांतलं एक घर मात्र वेगळं होतं. राम मारुती रोडच्या मागे एक शिक्षक जोडपं राहायचं. त्या काकू वसुबारसेलाच स्टीलचा डबा भरून द्यायच्या. चकली, चिवडा, करंज्या, चार बेसनाचे लाडू. "देवापुढे ठेवलाय, आम्ही अजून चव घेतलेली नाही," असं सांगून. तो डबा आईने कधी रिकामा परत केला नाही, गावच्या भुईमुगाच्या शेंगा घालून द्यायची. बाकी चार घरांच्या पुठ्ठ्याच्या डब्यांना परत जायचंच नव्हतं.

आता तुमचे अकरा डबे.

मी गेली चौदा वर्षं मानपाड्याला घरातूनच फराळाच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे कुठला पदार्थ किती दिवस टिकतो हा माझा रोजचा हिशेब आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेवर ती कधीपर्यंत खावी याची तारीख लावणं केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, दुकानदारांना बंधनकारक केलं. पण ती तारीख दुकानातल्या ट्रेवरच राहते. तुमच्याकडे आलेल्या सोनेरी डब्यावर ती बहुतेक वेळा नसते. शिवाय भेटीचा डबा दुकानातून थेट तुमच्याकडेच आला असेल असं नाही, कुणाच्या तरी ऑफिसात, कुणाच्या तरी गाडीच्या डिकीत दोन दिवस काढून आलेला असतो.

त्याच प्राधिकरणाने मिठाईच्या टिकण्याचा ढोबळ अंदाज दिलाय. कलाकंद बनवला त्याच दिवशी संपवायचा. रसगुल्ला, रसमलाई दोन दिवस. खव्याची बर्फी, मथुरा पेढा चार दिवस. काजू कतलीसारखी तुपाची आणि सुकामेव्याची मिठाई सात दिवस. बेसन लाडू, चिक्की तीस दिवस. हे दिवस मिठाई बनली तिथून मोजायचे, तुमच्या घरी आली तिथून नाही. बहुतेक डबे धनत्रयोदशीच्या आसपास येतात. भाऊबीजेनंतर पाच दिवस धरले तर मोजून बघा, आठ-नऊ दिवस सहज होतात. म्हणजे दुधाचं आणि खव्याचं जे काही आहे ते गेलं. काजू कतलीचीही मुदत संपली. बेसनाचे लाडू, चिक्की, कारखान्यात सीलबंद झालेली आणि तारीख छापलेली सोनपापडी एवढंच उरतं. सोनपापडी एकदा फोडली की आपल्या हवेत सादळते आणि तिचा गोळा होतो, म्हणून खायची असेल तेव्हाच फोडा.

फ्रिजमध्ये असेल तर थोडी सवलत मिळते, पण तिच्या भरवशावर दुसऱ्याच्या मुलाला खायला घालू नका. आणि "उकळून घेतलं की झालं" हे तर अजिबात ऐकू नका. हाताळलेल्या खव्यात वाढणारे काही जंतू विष सोडतात. जंतू उकळल्यावर मरतात, विष तसंच राहतं. त्याला वास नसतो, चव बदलत नाही, आणि खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या सुरू होतात. वरची वडी पांढरीशुभ्र दिसते म्हणून ती चांगली, हा आमच्या घरातला गैरसमज त्या रात्री संपला.

पेढे-बर्फीच्या साटोऱ्या करा, खीर करा, दुधात विरघळवा, हे सगळे उपाय खरे आहेत. माझ्याकडे पेढे आले तर दुसऱ्याच दिवशी त्यांचं सारण होतं. पण ते पेढे चांगले असताना करायचे उपाय आहेत. बिघडलेल्या पेढ्याची साटोरीही बिघडलेलीच.

चॉकलेटचं सोपं आहे. ऑक्टोबरच्या उष्म्यात ती पेटी कुठेतरी वितळून पुन्हा घट्ट झालेली असते, म्हणून वर पांढरट थर येतो. कोकोचं लोणी साधारण ३४ अंशांना वितळतं, तेच वर येऊन बसलेलं असतं. ती बुरशी नाही, चॉकलेट खायला हरकत नाही. तारीख बघा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. मुलांना दिवसभर एकेक चघळायला देण्यापेक्षा जेवणानंतर एकदाच द्या, दाताला कमी त्रास. सोसायटीतल्या कुत्र्यांना मात्र घालू नका, चॉकलेट त्यांना विषारी आहे. मिठाई मासुंदा तलावात किंवा उपवनला माशांना टाकून पुण्य मिळवणारेही मी बघितलेत. त्यानेही पाणीच सडतं.

फराळाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण उरला असेलच. सादळलेला चिवडा कढईत मंद आचेवर परता, परत कुरकुरीत होतो. खवट वास आलेली चकली कशानेही सुधारत नाही. करंजीचं सारण ओल्या नारळाचं असेल तर ती दोन-तीन दिवसांची, सुक्या खोबऱ्याची असेल तर पंधरा.

बिघडलेली मिठाई ओल्या कचऱ्यात, पुठ्ठा सुक्यात. सासूबाईंना त्रास होईल, तरी करा. आणि कामवालीच्या हाताने नको, स्वतः करा.

"अन्न टाकू नये" याचं उत्तर मला तुमच्या सासूबाईंना द्यायचंय आणि त्यांच्या निमित्ताने माझ्या मोठ्या जाऊबाईंनाही. दोन वर्षांपूर्वी तुळशीच्या लग्नाला आम्ही नेरूळला त्यांच्याकडे जेवायला होतो. जेवणं झाल्यावर जाऊबाईंनी त्यांच्याकडच्या मावशींच्या हातात एक पिशवी दिली, सहा डबे असतील. दिवाळी होऊन दहा-बारा दिवस झाले होते. मी म्हटलं, बघू जरा. वरचाच डबा उघडला. मलई पेढे एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झालेला, आंबूस वास. मी तो डबा ओट्यावर ठेवला आणि म्हटलं, "वहिनी, यातला एक आधी तुम्ही खा."

सगळं स्वयंपाकघर गप्प. जाऊबाई म्हणाल्या, "टाकण्यापेक्षा दिलेलं बरं. अन्न टाकलं की पाप लागतं. आणि त्यांना चालतं." मग मला म्हणाल्या, "तुझं आपलं प्रत्येक गोष्टीत आईचं असतं." नवऱ्याने मला डोळ्यांनी खुणावलं. मी तिथे पुढे बोलले नाही. घरी येताना ऐरोलीच्या पुढे येईपर्यंत आम्ही गाडीत एक शब्द बोललो नाही. तेव्हापासून जाऊबाईंचं माझ्याशी बोलणं कामापुरतं आहे.

तेव्हा जे बोलायचं राहिलं ते इथे लिहिते.

"त्यांना चालतं" म्हणजे काय? माझ्या भावाला चाललं नाही. तुमच्या पोटात आणि त्याच्या पोटात फरक एवढाच की तुमच्या मुलाला काही झालं तर तुम्ही रजा टाकता आणि पगार मिळतो. माझ्या आईचा कापला गेला. आणि पापाचं म्हणाल, तर ते अन्न पाचव्या किंवा दहाव्या दिवशी कचऱ्यात गेलं म्हणून वाया गेलेलं नाही. ते पहिल्या दिवशीच वाया गेलं. डबा आला, आपल्याला खायचा नाही हे आपल्याला तेव्हाच माहीत होतं, तरी कोणाला दिला नाही, फ्रिजमध्ये कोंबला, त्या दिवशी. नंतर तो मावशींच्या पिशवीत घालणं म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर तो कचऱ्यात जाऊ नये एवढीच सोय. कचऱ्यात तो जाणारच असतो, फक्त दुसऱ्याच्या वस्तीतल्या.

म्हणून पुढच्या वर्षी असं करा. डबा आला की दार लावायच्या आत ठरवा, हा आपण खाणार की नाही. नाही, तर त्याच संध्याकाळी, सील न फोडता, ज्यांना द्यायचाय त्यांना द्या. आणि विचारून द्या: "हवाय का? घरी चालेल का?" नको म्हणायची मुभा असली पाहिजे. माझ्याकडे लाडू वळायला दोघीजणी येतात, त्यातल्या एकीला शुगर आहे. ती मला पहिल्याच वर्षी म्हणाली, "ताई, गोड नको, शेव द्या." तेवढं मोकळं बोलता आलं पाहिजे समोरच्याला.

मिठाई हा बोनस नाही, हेही एकदा स्पष्ट करून टाका. बोनसचा कायदा लागू असलेल्या कारखान्यांत आणि कार्यालयांत किमान ८.३३ टक्के बोनस द्यावा लागतो, वर्षाच्या पगाराच्या हिशेबाने तो एका महिन्याचा पगार होतो. घरकाम करणाऱ्या बाईला तो कायदा लागत नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा अधिनियम २००८ साली झाला, पण त्यातून तुमच्या घरची पोस्त ठरत नाही, ती तुम्हीच ठरवता. एक महिन्याचा पगार द्या, आणि धनत्रयोदशीच्या आधी द्या. भाऊबीजेला हातावर ठेवलेल्या पैशांतून तिला तिच्या मुलांचे कपडे दिवाळीआधी घेता येत नाहीत. हे न करता अकरा डबे दिले तरी मी त्याला देणं म्हणणार नाही.

आता दोन-तीन गोष्टी राहिल्या. सगळीच घरं तशी नसतात, हे मला माहीत आहे, राम मारुती रोडच्या काकू मी वर सांगितल्याच. तुमच्या सासूबाईंचा हेतू वाईट आहे असंही मी म्हणत नाही, त्यांच्या पिढीने टंचाई बघितलीय आणि त्यांना टाकवत नाही. नेरूळला मी जे बोलले ते बरोबर होतं, पण मावशींसमोर बोलायला नको होतं. त्या खाली मान घालून उभ्या राहिल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनाच त्या घरी कामाला जायचं होतं, मला नाही. ते माझं चुकलं. तुमच्या नवऱ्याच्या शुगरबद्दल मी काही सांगत नाही, ते डॉक्टरांचं काम. घरात डबे दिसले नाहीत तर त्यांना सोपं जाईल एवढं नक्की.

बेसनाचे लाडू आणि बंद सोनपापडी आजच तुमच्या मावशींना विचारून द्या, तारीख दाखवून. बाकीचं आज रात्री आवरा.

आई आता ७१ वर्षांची आहे आणि माझ्याकडेच असते. हे लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, त्या गुलाबी डब्यावाल्या बाईंनी तुझ्या दहावीच्या वर्षी त्यांच्या मुलीची सगळी पुस्तकं आणि गाइडं दिली होती, तेही लिही. खरं आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात दिली होती, शाळा सुरू व्हायच्या आधी, नवी कव्हरं घालून. एकाही पुस्तकाचं पान फाटलेलं नव्हतं.